ठेकेदार सुचवतो तेव्हा

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात 1980 च्या जुलैत हयात रीजन्सी हे हॉटेल सुरू झाले. त्याच्या उंच, मोकळ्या दालनात दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या पातळीवर पादचारी पूल होते. प्रत्येक पूल सुमारे 36 मीटर लांब आणि छतापासून लोखंडी सळयांनी टांगलेला. चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा पूल येत होता. मूळ नकाशाप्रमाणे एकच लांब सळई छतापासून निघायची, वरच्या पुलाच्या आडव्या तुळईतून आरपार जायची आणि खालच्या पुलापर्यंत पोचायची. प्रत्येक पूल आपापल्या नटावर टेकायचा. पोलादकामाच्या ठेकेदाराला यात अडचण दिसली. सळईच्या मधोमध नट बसवायचा, तर खालच्या टोकापासून तिथपर्यंत आटे पाडावे लागणार. उभारणीच्या गडबडीत ते आटे चेपले, तर नट वर चढणारच नाही. तेव्हा एका लांब सळईऐवजी दोन आखूड सळया वापराव्यात असे त्याने सुचवले. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत.

सूचना शहाणपणाची वाटावी अशीच होती, आणि तिच्यामागचे कारणही खरे होते. घात झाला तो वरच्या पुलाखालच्या नटापाशी. एका दोरीला दोन गडी वेगवेगळ्या उंचीवर लोंबकळत असतील, तर दोरीवर दोघांचे वजन येते, पण प्रत्येकाच्या मुठीला आपलेच वजन पेलायचे असते. खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोरीवरचा भार तेवढाच राहतो आणि वरच्याच्या मुठीवरचा दुप्पट होतो. दोन सळयांच्या रचनेत हेच झाले. वरच्या पुलाची तुळई पन्हाळीच्या आकाराचे दोन लोखंडी भाग समोरासमोर वेल्ड करून बनवलेली होती, आणि सळईचे भोक त्या वेल्डच्या रेषेतच पाडलेले होते. 17 जुलै 1981 च्या संध्याकाळी दालनात नृत्याचा कार्यक्रम होता, सुमारे 1600 माणसे जमली होती. सात वाजून गेल्यावर वेल्डचा जोड उकलला, तुळई नटावरून निसटली आणि दोन्ही पूल खालच्या गर्दीवर कोसळले. 114 माणसे मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने चौकशी करून 1982 मध्ये अहवाल दिला. शहराच्या बांधकाम नियमांनुसार त्या जोडात जेवढी ताकद हवी होती, तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी प्रत्यक्षात होती. पण अहवालात आणखी एक गोष्ट होती, आणि या प्रकरणापुरती मला तीच अधिक महत्त्वाची वाटते: मूळ नकाशातली एका सळईची रचनासुद्धा लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे 60 टक्केच होती. म्हणजे ठेकेदाराने बदल सुचवला, तेव्हा त्या जोडाकडे पुन्हा बघण्याची एक संधी आपण होऊन चालून आली होती. कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसले असते, तर नवी चूक टळली असती आणि जुनीही सापडली असती. बदलाला होकार कसा मिळाला यावर पुढे वाद झाला. आपण फोनवर विचारले आणि होकार मिळाला, असे ठेकेदाराचे म्हणणे. असा फोन आलाच नाही, असे अभियंत्यांच्या कंपनीचे. वाद नाही तो एवढ्याच बाबीवर की, दोन सळया दाखवणारे नकाशे अभियंत्यांच्या कार्यालयात गेले आणि 1979 च्या फेब्रुवारीत तपासल्याचा शिक्का घेऊन परत आले.

ही हकिगत अभियांत्रिकीच्या वर्गात गणित म्हणून शिकवली जाते. मी तिच्याकडे करार म्हणून बघतो. करार करताना दोन्ही बाजू एका ठरलेल्या वस्तूवर किंवा सेवेवर सही करतात. काम सुरू झाल्यावर ठेकेदार म्हणतो, हे असे नको, तसे करू. त्या क्षणी मालकापुढे जो कागद येतो तो दिसतो दुरुस्तीसारखा, आणि आपण त्याला दुरुस्तीसारखेच वागवतो. बरा आहे का, स्वस्त आहे का, लवकर होईल का, एवढे विचारून सही करतो. माझे म्हणणे असे की, हा कागद म्हणजे एक नवा प्रश्न असतो आणि त्याचे पहिले वाक्य ठरलेले असावे: ज्या भागाला आपण हात लावत आहोत, तो आजवर काय काय काम करत होता? याचे उत्तर सुचवणाऱ्याने लेखी द्यावे, मालकाच्या बाजूच्या जाणकाराने ते तपासावे, आणि त्यानंतर पैशांचे बोलणे व्हावे. कॅन्सस सिटीत वरचा नट काय काम करतो हे कुणी विचारलेच नाही. सळई विचारात घेतली गेली, आणि सळईवरचा भार तर खरोखरच बदलला नव्हता.

हा प्रश्न विचारूनही उत्तर चुकू शकते, हे मान्य करायला हवे. न्यूयॉर्कमधली 59 मजली सिटीकॉर्प इमारत 1977 मध्ये पूर्ण झाली. तिच्या जागेच्या कोपऱ्यात एक चर्च होते, म्हणून इमारतीचे मुख्य खांब चार कोपऱ्यांऐवजी चार बाजूंच्या मध्यावर घेतले होते आणि वाऱ्याचा जोर तिरप्या पोलादी आडण्यांवर सोपवला होता. आडण्यांचे जोड वेल्डिंगने करायचे ठरले होते. पोलाद पुरवणाऱ्या कंपनीने बोल्टचे जोड सुचवले. खर्च वाचत होता, कामही सोपे होत होते. अभियंता विल्यम ल मेझुरिए यांच्या न्यूयॉर्क कार्यालयाने हिशेब करून होकार दिला. हिशेब समोरून येणाऱ्या वाऱ्याचा होता. कोपऱ्यावरून तिरका येणारा वारा काही आडण्यांवरचा भार 40 टक्क्यांनी वाढवतो, हे 1978 मध्ये ल मेझुरिए यांच्या ध्यानात आले, आणि त्याच सुमारास जोड बोल्टचे असल्याचेही त्यांना कळले. 40 टक्के म्हणजे फार नाही असे वाटेल. पण बोल्टला पेलायची असते ती वाऱ्याची ओढ वजा इमारतीच्या वजनाचा दाब. समजण्यापुरते आकडे घेऊ: ओढ 100 आणि दाब 75 असेल, तर बोल्टवर 25 येतात. ओढ 140 झाली, तर बोल्टवर 65 येतात. आडणीवर 40 टक्के वाढ, बोल्टवर 160 टक्के. पूर्ण ताकदीच्या वेल्डला ही वजाबाकी भोवली नसती. त्या वर्षी ऑगस्टपासून रात्री वेल्डर लावून दोनशेहून अधिक जोडांवर पोलादी पट्ट्या बसवल्या गेल्या, आणि लोकांना हे 1995 मध्ये एका नियतकालिकातून कळले. बोल्ट हा वेल्डला पर्याय होता खरा, पण एका विशिष्ट गृहीतकापुरता. ते गृहीतक कोणते, हे होकाराच्या कागदावर लिहिलेले असते तर कुणाची तरी नजर त्यावर अडखळण्याची शक्यता होती. ल मेझुरिएंपर्यंत तर बदलाची बातमीच पोचली नव्हती. मूळ कल्पना ज्याची, त्याला वगळून पर्यायाचा निर्णय झाला.

बांधकामात निदान जोड तरी डोळ्यांना दिसतो. सेवांच्या करारात ते सुखही नसते. सफाई, सुरक्षा, देखभाल, संगणक प्रणाली चालवणे यांत बदल होतो तो करण्याच्या पद्धतीत, आणि बदलानंतरही काम वरून तसेच दिसते. 25 मे 1979 रोजी शिकागोच्या विमानतळावरून उडालेल्या डीसी-10 विमानाचे डावे इंजिन उड्डाणाच्या क्षणी पंखापासून तुटून पडले आणि 273 जण मेले. इथे ठेकेदार नव्हता, विमान कंपनीचाच देखभाल विभाग होता; पण कामगार आणि मूळ रचनाकार यांच्यातले नाते तेच. उत्पादकाची पद्धत अशी की आधी इंजिन उतरवायचे, मग ते पंखाला जोडणारा सांगाडा. देखभाल विभागाने दोन्ही एकत्रच, फोर्कलिफ्टच्या आधाराने, उतरवायला सुरुवात केली. दर विमानामागे सुमारे 200 मनुष्यतास वाचत होते, आणि सोडाव्या लागणाऱ्या नळ्या-तारांच्या जोडण्या 79 वरून 27 वर येत होत्या, म्हणजे एका अर्थाने काम अधिक सुरक्षितही होत होते. फोर्कलिफ्ट किंचित खाली-वर झाली की सांगाड्याच्या मागच्या भागाला पडणारी भेग मात्र हिशेबात नव्हती. काम संपल्यावर विमान पूर्वीसारखेच दिसे. इंजिन वेगळे काढण्याची जुनी पद्धत वेळखाऊ होती, पण तिच्यामुळे सांगाडा हाताळताना वजन आटोक्यात राहत होते, आणि हा तिचा उपयोग सहज नजरेत भरणारा नव्हता.

म्हणून सेवाकरारात सूचना आली की ती ज्यांना सेवा मिळते त्यांच्यापर्यंत जायला हवी. समजा, एका रुग्णालयाच्या सफाईच्या ठेकेदाराने सुचवले की, दिवसातून तीनदा फरशी पुसण्याऐवजी यंत्राने दोनदा पुसू. फरशी जास्त स्वच्छ होईल, दोन माणसे कमी लागतील. फरशीपुरते त्याचे म्हणणे बरोबर असू शकते. पण दुपारच्या फेरीतली बाई फरशी पुसताना सांडलेले पाणी, भरलेली कचऱ्याची पेटी, तुंबलेले बेसिन हेही बघत असते आणि सिस्टरना सांगत असते. हे तिच्या कामाच्या यादीत नाही, लेखा विभागाला माहीत नाही, कदाचित ठेकेदारालाही नाही. वॉर्डातल्या सिस्टरना विचारले तर मात्र दोन मिनिटांत कळेल. यंत्र नाकारा असे यातून निघत नाही. दुपारी एकाने नुसती फेरी मारावी अशी अट घालून ते स्वीकारता येईल, आणि मग बचत दोन माणसांची नसून दीड माणसाची आहे हेही स्पष्ट होईल.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. एवढा धोका असेल, तर ठेकेदाराचे ऐकायचेच कशाला? जे ठरले ते कर, असे सांगून मोकळे व्हावे. आपल्याकडच्या सरकारी करारांचा कल पुष्कळसा असाच राहिला आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारातले 12 वे कलम काय, किंवा महाराष्ट्रातल्या बी-1 निविदा नमुन्यातले 14 वे कलम काय, दोन्हींत बदल करण्याचा अधिकार प्रभारी अभियंत्याचा आहे. बी-1 मधल्या 38 व्या कलमात परिमाण 25 टक्क्यांहून वाढले तर दर कसा ठरायचा याची तजवीज आहे. बदल वरून येतो आणि ठेकेदार तो अमलात आणतो, असे गृहीत धरून ही कलमे लिहिलेली आहेत. पण साइटवर रोज उभा राहणारा माणूस ठेकेदाराचा असतो. मुरूम कुठे लागला, पाणी कुठून झिरपते, कोणते यंत्र वळतच नाही, हे त्याला आधी कळते. त्याच्या सूचनेला समोरचे दार नसेल, तर ती मागच्या दाराने येते: ‘साइटची गरज’ म्हणून, एक्स्ट्रा आयटम म्हणून, किंवा काही न सांगता गुपचूप. यातला शेवटचा प्रकार सर्वांत वाईट, कारण त्याची नोंद मोजमाप पुस्तिकेतही सापडत नाही.

शिवाय सूचना नाकारण्याची किंमत असते, फक्त तिचे बिल येत नाही. दुसऱ्या महायुद्धात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत खरेदीचे काम करणाऱ्या लॉरेन्स माइल्स यांना साहित्याच्या टंचाईमुळे सतत पर्याय शोधावे लागत, आणि पुष्कळदा पर्याय मूळ वस्तूपेक्षा स्वस्त आणि तितकाच चांगला निघे. 1947 पासून त्यांनी या अनुभवाची पद्धत बांधली, तीच पुढे व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणून ओळखली गेली. तिचा मूळ प्रश्न कोणता? हा भाग काय काम करतो, आणि तेच काम दुसऱ्या कशाने होईल? म्हणजे काटकसरीचा प्रश्न आणि सुरक्षिततेचा प्रश्न एकच निघतो. हयातच्या नटाबद्दल जो विचारायला हवा होता, तोच माइल्स पैसे वाचवण्यासाठी विचारत होते. गंमत अशी की, आज व्हॅल्यू इंजिनिअरिंगच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी फक्त दुसरा अर्धा विचारला जातो, आणि मग ते निव्वळ कपातीचे सभ्य नाव होऊन बसते.

ठेकेदार आपल्या फायद्यासाठीच सुचवणार, हेही खरे. त्यात वावगे काही नाही. फायदा उघड असला की झाले. सल्लागार अभियंत्यांच्या फिडिक या आंतरराष्ट्रीय महासंघाने 1999 मध्ये काढलेल्या ‘लाल पुस्तक’ या बांधकामाच्या नमुना करारातले 13.2 वे कलम मला या बाबतीत फार विचारपूर्वक लिहिलेले वाटते. काम लवकर होणार असेल, मालकाचा बांधण्याचा, देखभालीचा किंवा चालवण्याचा खर्च कमी होणार असेल, किंवा अन्य लाभ असेल, तर ठेकेदाराने केव्हाही प्रस्ताव द्यावा. मात्र प्रस्ताव तयार करण्याचा खर्च त्याचा. स्थायी कामाच्या आरेखनात त्यामुळे बदल होऊन कराराची किंमत उतरली, तर बचतीतला अर्धा हिस्सा त्याला मिळतो. पण कोणत्या बचतीतला? किंमत 10 लाखांनी उतरली आणि दर्जा, आयुष्य किंवा कार्यक्षमता घटल्याने मालकाचे 4 लाखांचे नुकसान होत असेल, तर खरी बचत 6 लाखांची आणि ठेकेदाराचे 3 लाख. नुकसान बचतीहून जास्त असेल, तर काहीच नाही. या वजाबाकीमुळे ‘काय हरवते’ हे आकड्यात लिहावेच लागते. आपल्या राष्ट्रीय महामार्गांच्या ईपीसी (आरेखन, खरेदी आणि बांधकाम एकाच ठेकेदाराकडे) नमुना करारातही ठेकेदाराने स्वखर्चाने असा प्रस्ताव द्यावा आणि स्पष्ट संमतीशिवाय बदल करू नये अशी तरतूद आली आहे. जुन्या कलमांपेक्षा ही सुधारणा मोठी आहे. ती सफाई-सुरक्षेच्या करारांपर्यंत पोचायला हवी.

दुसरा आक्षेप साइटवरचा माणूस घेईल, आणि त्याचा आवाज चढलेला असेल. काँक्रीटचा ट्रक दारात उभा आहे आणि तुम्ही म्हणता लेखी उत्तर द्या, तपासा, सिस्टरना विचारा. काम कधी व्हायचे? या तक्रारीत तथ्य आहे, आणि तिचे उत्तर सर्व बदलांना एकच चाळणी न लावण्यात आहे. भिंतीचा रंग बदलणे आणि भार पेलणारा जोड बदलणे यांना एकच अर्ज असेल, तर लोक दोन्हींवर डोळे मिटून सही करतात. कराराच्या वेळीच ठरवून ठेवावे की कोणत्या बाबी पर्यवेक्षकाने जागेवर सोडवायच्या, कोणत्या मूळ रचनाकाराकडे गेल्याशिवाय हलणारच नाहीत. मुदतही मालकावर बांधलेली हवी. अमेरिकी संघराज्य शासनाच्या खरेदी नियमांत ठेकेदाराचा असा प्रस्ताव मिळाल्यापासून 45 दिवसांत त्याची स्थिती कळवावी लागते, आणि उशीर लागणार असेल तर कारण व निर्णयाची अपेक्षित तारीख द्यावी लागते. होकार येईपर्यंत ठेकेदाराने मूळ कराराप्रमाणेच काम करायचे. ठेकेदारानेही प्रस्तावातच सांगायचे की निर्णय कधीपर्यंत आला तर बचत हाती लागेल. तिथे स्थिर किमतीच्या बांधकाम करारांत बचतीतला शासनाचा वाटा 45 टक्के धरलेला आहे, म्हणजे मोठा हिस्सा ठेकेदाराचा. उशिराने बुडते ती त्याची कमाई, म्हणून तोही प्रस्ताव वेळेत आणि नीट देतो.

मुदतीचा प्रश्न आला की मौनाचाही येतो. उत्तर आले नाही तर होकार समजायचा का? फिडिकच्या त्याच पुस्तकात अभियंत्याने तोंडी सूचना दिली, ठेकेदाराने दोन कामकाजी दिवसांत ती लेखी कळवली, आणि अभियंत्याने पुढच्या दोन दिवसांत नाकारली नाही, तर ती लेखी सूचनेसारखी धरली जाते. इथे मूळ शब्द अभियंत्याचा आहे, म्हणून हे ठीक. सूचना ठेकेदाराची असेल, तर मौनाला होकार मानणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य होण्यासारखे नाही. फाइल टेबलावर पडून राहिली म्हणून जोड बदलला, असे व्हायला नको.

तोंडी होकाराचे काय होते हे न्यायालयांच्या नोंदीत भरपूर सापडते. 1944 मध्ये बंगालच्या नागरी पुरवठा खात्यासाठी बी. के. मंडल अँड सन्स या ठेकेदार पेढीने हुगळी जिल्ह्यातल्या आरामबाग इथे तात्पुरती गोदामे उभारण्याची तयारी दाखवली. मग अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, स्वयंपाकघर, कारकुनांची खोली, आणखी गोदामे अशी कामे होत गेली. खात्याने ती वापरली. बिलाच्या वेळी शासनाने म्हटले की कायद्याला लागतो तसा करारच झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 1962 साली प्रसिद्ध झालेला निकाल असा की करार नव्हता हे खरे, पण भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 70 प्रमाणे जो फुकट करण्याच्या हेतूने केलेला नाही अशा कामाचा लाभ ज्याने घेतला, त्याने मोबदला द्यावा. ठेकेदार हा निकाल आधार म्हणून सांगतात, आणि तो आहेच. पण तिथवर पोचायला सुमारे सतरा वर्षे लागली, आणि नाकारण्याची संधी असूनही शासनाने काम ठेवून घेतले म्हणून तो मिळाला. आदल्या दिवशी बोलणे झाले आणि दुसऱ्या दिवशी बदल केला, अशा प्रत्येक ठिकाणी कलम 70 धावून येईल असे धरून चालू नये. इंग्लंडमध्ये तर 2018 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अधिक कडक भूमिका घेतली. लंडनमधल्या सेवायुक्त कार्यालयाच्या एका भाडेकरू कंपनीने थकबाकीचे नवे वेळापत्रक फोनवर सुचवले आणि समोरून होकार मिळाल्याचे तिचे म्हणणे होते. बदल लेखी आणि सह्यांनिशीच व्हायला हवा अशी अट करारात होती. ती अट पाळायला हवी, असे न्यायालय म्हणाले, आणि फोनवरचे ठरणे वाऱ्यावर गेले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो घेणारा कराराच्या बाहेर उभा असतो. निविदेत हरलेला ठेकेदार म्हणतो, तुम्ही ज्या अटींवर बोली मागितल्या त्या आता राहिल्याच नाहीत. या अटी आधी सांगितल्या असत्या तर मीही कमी दर दिला असता. कमी दर भरून काम घ्यायचे आणि मग बदल सुचवून फरक भरून काढायचा, हा खेळ आपल्याकडे कुणाला नवा नाही. सल्लासेवांत त्याचे वेगळे रूप असते: निविदेत नामांकित तज्ज्ञांची नावे द्यायची, आणि काम मिळाले की त्यांच्या जागी दुसरी माणसे सुचवायची. जागतिक बँकेच्या नमुना करारांत म्हणूनच अट असते की, बदली तज्ज्ञ पात्रतेने आणि अनुभवाने तोडीस तोड किंवा सरस हवा आणि त्याचा मोबदला वाढणार नाही.

या आक्षेपाला चांगले उत्तर युरोपीय न्यायालयाने 19 जून 2008 च्या प्रेसटेक्स्ट निकालात दिले आहे, आणि तो करार नेमका सेवेचा होता. ऑस्ट्रियाच्या शासनाने एपीए या वृत्तसंस्थेशी 1994 मध्ये वृत्तसेवेचा करार केला. पुढे त्यातली एक सेवा संस्थेने आपल्याच पूर्ण मालकीच्या उपकंपनीकडे दिली, किमती युरोत बदलल्या, नंतर करार न मोडण्याचे बंधन वाढवले आणि सवलत 15 वरून 25 टक्क्यांवर नेली. प्रेसटेक्स्ट या प्रतिस्पर्धी संस्थेने आक्षेप घेतला. न्यायालयाने कसोटी अशी ठेवली: ही अट मूळ निविदेत असती तर आणखी कुणी आत आले असते का, किंवा दुसराच जिंकला असता का? सेवेची व्याप्ती बरीच वाढली का? आर्थिक तोल ठेकेदाराच्या बाजूला झुकला का? या प्रकरणात तिन्हींची उत्तरे नकारार्थी आली आणि बदल टिकले. 2014 च्या युरोपीय निर्देशात या विचाराला आकड्यांची जोडही मिळाली: कराराचे मूळ स्वरूप बदलत नसेल, बदलाची किंमत ठरलेल्या मर्यादेखाली असेल आणि सेवांत मूळ किमतीच्या 10 टक्क्यांहून, बांधकामांत 15 टक्क्यांहून कमी असेल, तर नवी निविदा नको. एकामागून एक बदल झाले तर त्यांची बेरीज धरायची. ही बेरीज फार मोलाची आहे. प्रत्येक बदल मर्यादेच्या जरा खाली ठेवण्याचे कौशल्य जगभरच्या ठेकेदारांना अवगत असते, आणि एकेक कागद सुटा बघणाऱ्या अधिकाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

एवढे सगळे पार पडून बदल मंजूर झाला, तरी एक गोष्ट लिहायची राहून जाते: आता याचे उत्तरदायित्व कुणाचे? फिडिकच्या कलमात ठेकेदाराच्या प्रस्तावात आरेखनाचा बदल असेल, तर त्या भागाचे आरेखन त्यानेच करायचे आणि ते हेतूला पुरे पडेल याची हमी त्याची. आपल्या करार अधिनियमाचे कलम 133 आणखी एका माणसाची आठवण देते. जामीनदाराच्या संमतीविना मूळ करारात फरक केला, तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मोकळा होतो. चांगल्या हेतूने केलेला बदल अनेकदा हा धागा नकळत तोडून बसतो, आणि ठेकेदार बुडाल्यावर ते ध्यानात येते.

हयातच्या अभियंत्यांनीही जबाबदारीबद्दलच वाद घातला. पोलादाचे जोड ठेकेदारानेच आखायचे असा धंद्याचा रिवाज आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि तसा रिवाज अनेक ठिकाणी खरोखर होता. मिसुरी राज्याच्या प्रशासकीय न्यायाधीशांनी 1985 मध्ये ते मान्य केले नाही. ज्याचा शिक्का, त्याची जबाबदारी, असे धरून त्यांनी घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला आणि दोघा अभियंत्यांचे त्या राज्यातले परवाने गेले. रिवाज मात्र संपला नाही, कारण तो सोयीचा आहे आणि पुष्कळदा योग्यही आहे. अमेरिकी पोलाद बांधकाम संस्थेच्या कार्यसंहितेत पुढे त्याला लेखी रूप आले. जोडाचा पूर्ण तपशील अभियंत्याने नकाशात द्यावा, किंवा नकाशात दिलेल्या तक्त्यांवरून ठेकेदाराच्या आरेखकाने जोड निवडावा, किंवा ठेकेदाराच्या परवानाधारक अभियंत्याने तो आखावा. यांपैकी कोणते, हे करारातच सांगायचे. तिसरा पर्याय घेतला, तरी आलेले आरेखन तपासून मंजूर करण्याचे काम मालकाच्या अभियंत्याकडेच राहते.